आधी निकाल, मग ऑडिशन

दिग्दर्शक महोदय,


आपलं नाव या पत्रात कुठेही येणार नाही, आपल्या संस्थेचंही नाही. बनशंकरी परिसरात मराठी नाटक करणारी माणसं मोजकीच आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आपल्याला तर आत्ताच कळलं असेल. पत्र खुलं लिहिते आहे, कारण ऑडिशनही आपण 'सर्वांसाठी खुली' म्हणून जाहीर केली होती. तिथे जे झालं तेही सर्वांना कळलं पाहिजे.

आरोप सरळ सांगते. येत्या हंगामासाठी आपण विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' निवडलंत. लीला बेणारे कोण करणार हे आपण ठरवून टाकलंत आणि त्यानंतर त्याच भूमिकेसाठी ऑडिशन घेतलीत. ही ऐकीव गोष्ट नाही. वेशभूषेची यादी टाइप करायला आपणच मला दिली होती. तिच्यावर ऑडिशनच्या आठवडाभर आधीची तारीख होती आणि बेणारेच्या साडीपुढे नाव लिहिलेलं होतं, ब्लाउजच्या मापासकट. साखरपुडा उरकल्यावर पाच घरचे कांदेपोहे खात फिरावं, तसं आपण त्या रविवारी वागलात.

त्या दिवशी दाराशी बसून फॉर्म भरून घेण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून कोण कुठून आलं ते मला ठाऊक आहे. व्हाइटफील्डच्या एक बाई मॅजेस्टिकला मेट्रो बदलून बनशंकरीला उतरल्या होत्या. एक नर्स रात्रपाळी संपवून तशीच आली होती आणि जिन्यात बसून उतारा घोकत होती. एक निवृत्त गृहस्थ काशीकरांच्या भूमिकेसाठी आले होते. त्यांच्या हातातल्या जुन्या प्रतीला घरी शिवून कव्हर घातलेलं होतं. वेळ दहाची होती. आपण सव्वाअकराला आलात आणि उशिराबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. इथून जवळच, जे. पी. नगरमध्ये, रंगशंकर आहे. तिथे साडेसातचा प्रयोग साडेसातला सुरू होतो आणि सुरू झाल्यावर आलेल्या प्रेक्षकासाठी, तो कितीही मोठा असो, दार उघडत नाही. २००४ पासून या शहराचा प्रेक्षक ही शिस्त पाळत आला आहे. तिकीट काढणारा माणूस वेळेची किंमत जाणतो आणि नाटक बसवणारा जाणत नाही, याची आपल्याला लाज वाटायला हवी होती.

मग वाचन सुरू झालं. प्रत्येकाच्या हातात अर्धं पान, समोर वाचायला कुणी जोडीदार नाही, प्रसंग कुठला, त्याआधी काय घडलंय, काही सांगणं नाही. तीन-चार वाक्यं झाली की 'ठीक आहे, कळवतो.' आपण मोबाइल पाहत होता. काशीकर वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून आपल्याकडे पाहिलं, तेव्हाही आपण मोबाइलच पाहत होता.

आणि मग ती मुलगी आली. ती गविपुरमची. घरात कित्येक पिढ्यांची मराठी, शाळा मात्र कन्नड माध्यमाची. बेणारेचं अखेरचं स्वगत तिनं पाठ करून आणलं होतं. तिनं सुरुवात केली आणि पाठीमागच्या खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. मी वर्षानुवर्षं विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करते. शब्द नुसता पाठ आहे की पोटातून येतोय हे मला अंधारात, पाठमोऱ्या माणसाच्या आवाजावरूनही कळतं. तिचा येत होता. आपण हात वर केलात आणि म्हणालात, 'हेल कानडी येतोय. बेणारे शुद्ध बोलते. बॅकस्टेज करशील का?'

तिनं 'हो सर' म्हटलं, पिशवी उचलली आणि ती गेली. ज्या भूमिकेचा निकाल आधीच लागला होता ती नाकारण्यासाठी आपल्याला कारण हवं होतं. ते आपण तिच्या जिभेवर शोधलंत. भूमिका दिली नाही ही एक गोष्ट. पण तिच्या घरात बोलली जाणारी भाषा मराठी म्हणून कमी आहे असं तिला सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कुठलं नाटक बसवताय याचा तरी विचार करायचा होता. मुंबईची एक हौशी मंडळी प्रयोगासाठी गावात येते, हातात वेळ असतो, म्हणून खेळाखेळात एक खटला उभा करते आणि आपल्यातल्याच एका बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात ढकलते. तिथे साक्षी होतात, पुरावे होतात, न्यायाधीशाचा हातोडा आपटतो, पण तिच्याविषयीचं मत प्रत्येकाच्या मनात आधीच पक्कं असतं. सुखात्मे एकटेच फिर्यादीचेही वकील होतात आणि आरोपीचेही. १९६७ साली 'रंगायन'साठी अरविंद देशपांडे यांनी हे नाटक बसवलं आणि सुलभा देशपांडे बेणारे झाल्या, तेव्हापासून मराठी प्रेक्षक या खोट्या कोर्टाकडे पाहून अस्वस्थ होत आला आहे. महोदय, जाहिरात आपली, परीक्षक आपण आणि आधीच ठरलेल्या उमेदवाराचे पालकही आपणच. नाटक आपण निवडलंत, पण ते वाचलंत असं मला वाटत नाही. वाचलं असतं तर त्याच गावातला तो सामंतही आठवला असता. गैरहजर नटाच्या जागी मंडळी त्या स्थानिक माणसालाच उभा करतात आणि तो साधाभोळा माणूस ती जागा निभावून नेतो. तेंडुलकरांनी स्थानिक माणसाला रंगमंचावर जागा दिली. आपण त्याला पडद्यामागे खुर्च्या उचलायला बोलावलंत.

आता 'शुद्ध' मराठीविषयी, कारण हे कारण आपण याआधीही वापरलेलं आहे आणि पुढेही वापराल.

बंगळूरची मराठी ही आयटीच्या नोकऱ्यांबरोबर पुण्याहून आलेली गोष्ट नाही. १६३८ मध्ये हे शहर शहाजीराजांच्या अमलाखाली आलं आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ याच मुलखात गेला. त्यांच्या वंशजांनी पुढे तंजावरला राज्य केलं आणि तिथल्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहिली गेली. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांतलंच एक. आज या शहरात भावसार क्षत्रिय आहेत, नामदेव शिंपी आहेत, आरे मराठे आहेत, तंजावरी देशस्थ आहेत. प्रत्येकाच्या घरात मराठीचं वेगळं रूप जिवंत आहे. त्यांच्या पूर्वजांनी ती शाळेत शिकून नव्हे, तर आजीच्या मांडीवर ऐकून टिकवली. सरकारी नोकरीत तिचा उपयोग नव्हता, बाजारात नव्हता, तरी टिकवली. त्या भाषेत वाढलेली मुलगी मराठी नाटकाच्या दाराशी येते, तेव्हा नाटकवाल्यांनी तिच्यासाठी पायघड्या घालायला हव्यात.

आणि ज्या मराठी रंगभूमीच्या शुद्धतेची आपण राखण करता, ती आली कुठून? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. 'शाकुंतल' रंगमंचावर आणून १८८० मध्ये संगीत नाटकाला वैभवाचे दिवस दाखवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले कानडी मुलखातल्या गुर्लहोसूरला. कानडी वारा लागलेला नट आपल्याला चालत नसेल, तर या दोघांच्या तसबिरीही भिंतीवरून उतरवाव्या लागतील.

'पण ते जुनं झालं,' असं आपण म्हणाल. मग अलीकडचं घ्या. गविपुरम-हनुमंतनगर भागातच वाढलेला एक मराठी घरातला मुलगा होता. कन्नड शाळेत शिकला, बसमध्ये कंडक्टर झाला, हौशी कन्नड पौराणिक नाटकांत कामं करू लागला. मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना के. बालचंदर यांनी त्याला पाहिलं. त्याला धड तमिळ येत नव्हती. बालचंदर यांनी त्याला तमिळ शिकायला सांगितलं, तो शिकला आणि १९७५ च्या 'अपूर्व रागंगळ'मध्ये त्यांनी त्याला उभा केला. त्या शिवाजीराव गायकवाडला जग रजनीकांत म्हणून ओळखतं. भाषेची अडचण बालचंदर यांनाही दिसली होती. ती शिकण्याची गोष्ट आहे हे त्यांना कळत होतं. आपल्या दारात तो आला असता तर आपण त्याला बॅकस्टेजला पाठवलं असतं.

उलटीही वाट पाहा. अरुंधती नाग मुंबईत मराठी, गुजराती, हिंदी नाटकांत वाढल्या आणि शंकर नाग यांच्याशी लग्न होऊन बंगळूरला आल्या. इथे त्या कन्नड शिकल्या आणि कन्नड रंगभूमीनं त्यांना मोठ्या भूमिका दिल्या. गिरीश कार्नाडांचं 'ओडकलु बिंब' त्यांनी एकटीनं तोललं. रंगशंकरही त्यांनीच उभं केलं. कन्नड माणसांनी एका मुंबईकर नटीला इतकं आपलं मानलं. त्याच शहरात मराठी माणूस मराठी मुलीला परकी ठरवतो, हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

हबीब तन्वीर यांची गोष्ट प्रत्येक नाट्यशिबिरात सांगितली जाते. आपणही सांगितली आहे, मी तिथे होते. छत्तीसगढी नाचा कलावंतांकडून ते आधी हिंदी बोलवून घेत होते आणि ते कसलेले नट अवघडून जात होते. तन्वीर यांनी त्यांना त्यांच्या बोलीत मोकळं सोडलं आणि 'चरणदास चोर' झालं. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्या नाटकानं बक्षीस मिळवलं. मालवणी बोली व्यावसायिक रंगमंचावर चालेल का, अशी शंका घेणारे आपल्याकडेही होतेच. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'नं मच्छिंद्र कांबळी यांना घेऊन पाच हजारांवर प्रयोग केले. म्हणून बेणारेच्या तोंडी बंगळुरी हेल ठेवा असं मी म्हणत नाही. बेणारे मुंबईतल्या शाळेत शिकवणारी बाई आहे, तिची भाषा ठरावीक आहे, हे मलाही मान्य आहे. पण हेल तालमीत बदलतो. तिच्या उच्चारात नेमकं काय होतं ते मी कान देऊन ऐकलं आहे: 'चूक'मधला च आणि 'माझं'मधला झ तालव्य येत होता आणि वाक्याच्या शेवटी सूर जरा वर जात होता. एवढंच. आठवडाभर रोज अर्धा तास कुणी समोर बसलं तर हे बसतं. मी स्वतः बसायला तयार होते आणि तसं आपल्याला त्याच दिवशी म्हणालेही. तिचा ळ तर आपल्या ठरलेल्या बेणारेपेक्षा स्वच्छ आहे. शब्द पोटातून येणं मात्र आठवडाभरात शिकवता येत नाही. सहा महिन्यांतही नाही.

पूर्वीच्या कंपन्यांना हे नीट कळत होतं. नारायण राजहंसांच्या कानात दोष होता. शाहू महाराजांनी त्यांना उपचारांसाठी मिरजेला पाठवलं आणि तिथेच १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. कानात दोष असलेला गाणारा नट! आपल्या फॉर्मवर हे वाचून आपण काय शेरा मारला असता ते मी सांगायला नको. किर्लोस्कर मंडळींनी तो मुलगा घेतला, गोविंद बल्लाळ देवलांसारख्या तालीममास्तरानं त्याला घडवलं आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले. कंपनीत तालीममास्तर नावाचा माणूस ठेवला जायचा, कारण निवड ही कामाची सुरुवात असते हे सगळ्यांना मान्य होतं.

आपल्याच वस्तीचं नाव ज्या देवीवरून आहे, त्या बनशंकरीचं मूळ ठाणं बदामीजवळ. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. पौषातल्या तिच्या जत्रेत कन्नड नाटक कंपन्या तंबू ठोकतात, रात्र-रात्र प्रयोग करतात आणि गावोगावचे शेतकरी तिकीट काढून बसतात. त्या तंबूत नटाला एकच कसोटी असते: शेवटच्या रांगेतला माणूस उठून जातो की बसतो. हेलाचं प्रमाणपत्र तिथे कुणी मागत नाही.

आता आपल्या बाजूचं बोलते. भूमिका कुणाला द्यायची हा दिग्दर्शकाचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे. मतदानानं नाटक बसत नाही. एखाद्या नटीला डोळ्यांसमोर ठेवूनच नाटक निवडलं, यातही गैर काही नाही. चांगल्या दिग्दर्शकांनी तसं केलं आहे. मग तसं लिहा. 'बेणारेची भूमिका ठरलेली आहे, बाकीच्या भूमिकांसाठी वाचन आहे,' एवढ्या एका ओळीनं काम झालं असतं. नर्स बेणारेचा उतारा घोकत जिन्यात बसली नसती, तिनं दुसरी भूमिका वाचली असती किंवा घरी जाऊन झोप घेतली असती. आपण ती ओळ लिहिली नाहीत, कारण 'खुली ऑडिशन' म्हटल्यावर गर्दी होते, फोटो निघतात आणि देणगीदारांना दाखवायला बरं पडतं. त्या फोटोतली माणसं आपण वापरलीत. इतके लोक आले होते आणि त्यांतून हीच बेणारे निवडली, असं आता आपण सांगू शकता. त्या सगळ्यांना आपण नट म्हणून बोलावलं नव्हतं, साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

आणि कळवतो म्हणालात, ते कळवलंत का? नाही. निकाल परस्पर व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटला. काशीकरवाल्या गृहस्थांनी मला फोन करून विचारलं, 'ताई, माझं काय झालं? नाही म्हणाले तरी चालेल, पण कुणी सांगितलं नाही.' नकार पचवायची तयारी असलेल्या माणसाला नकारही न देणं याला काय म्हणावं ते आपणच सांगा.

परगावी मराठी नाटक करणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे. हॉलचं भाडं, तालमीला जागा नाही, आयटीतल्या नटांच्या पाळ्या, प्रेक्षक जेमतेम. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळानं शंभरी ओलांडली ती अशाच अडचणींतून, पिढ्यान् पिढ्या नवी माणसं येत राहिली म्हणून. म्हणूनच मला राग आहे. इथल्या रंगभूमीला नवा माणूस पुण्या-मुंबईहून दर हंगामाला येणार नाही. जो येतो तो प्रकल्प संपला की परत जातो. इथेच राहणारी, आईवडील इथले, मुलंबाळं इथे होणारी माणसं आपल्याला हवी आहेत. ती मुलगी बेणारे झाली असती तर गविपुरमचं तिचं सगळं घरदार, गल्ली, भजनी मंडळ तिकीट काढून आलं असतं. यातल्या अनेकांनी आजवर मराठी नाटक पाहिलेलं नाही. आता ते कधी पाहतील असं वाटत नाही. ती सध्या एका कन्नड नाट्यसंस्थेत वाचनाला जाते. तिथे तिला भूमिका मिळाली आहे.

महोदय, बेणारे, काशीकर आणि सुखात्मे या तिन्ही भूमिकांचं वाचन पुन्हा ठेवा. उतारे आठवडाभर आधी द्या. समोर वाचायला जोडीदार द्या. एकदा वाचून झालं की काहीतरी बदल सांगा आणि पुन्हा वाचायला लावा, कारण नट सूचना कशी घेतो हे दुसऱ्या वाचनात दिसतं, पहिल्या वाचनात दिसत नाही. परीक्षकांत संस्थेबाहेरची एक व्यक्ती ठेवा. प्रत्येकाला, होकार असो वा नकार, आठ दिवसांत कळवा. त्यानंतरही आपली ठरलेली नटीच बेणारे झाली, तर मी सर्वांत आधी टाळ्या वाजवीन. तीही मेहनती मुलगी आहे आणि आपण या प्रकारात तिच्यावरही अन्याय केला आहे. तिनं भूमिका कमावली की तिला बहाल झाली, हे आता तिलाही कधी कळणार नाही.

बंगळूरच्या मराठी मंडळींनो, पुढच्या वेळी कुठल्याही संस्थेच्या ऑडिशनला जाण्याआधी विचारा: कोणत्या भूमिका खरोखर मोकळ्या आहेत? उत्तर लेखी मागा. मुलांना पाठवा, त्यांच्या हेलासकट पाठवा. आणि कुणी त्या हेलावरून त्यांना परत पाठवलं, तर घरी येऊन त्यांची मराठी दुरुस्त करत बसू नका. आधी त्या माणसाला जाब विचारा.

दिग्दर्शक महोदय, वाचन पुन्हा घ्या, किंवा त्या रविवारी जे झालं ती ऑडिशन नव्हती असं आलेल्या प्रत्येकाला लेखी कळवा. या दोनपैकी एक होईपर्यंत या नाटकाच्या प्रॉम्प्टिंगला मी उभी राहणार नाही.

आपल्या संस्थेची प्रॉम्प्टर,
बनशंकरी, बंगळूर